भाटकरकाकांची चाळण

नोकरीच्या पहिल्याच दिवशी भाटकरकाकांनी मला कॉम्प्युटरच्या दारातून परत पाठवलं. एकदा नाही, अकरा वेळा. मी माझं नाव टाइप करायची, परवलीचा शब्द टाइप करायची आणि तो ठोंब्या मला ओळखच दाखवायचा नाही. शेवटी रडकुंडीला येऊन मी शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथे पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेले एक साठीकडे झुकलेले गृहस्थ ताठ बसले होते.

"तू mrunal लिहितेस," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मृनल. ती आमच्याकडे नोकरीला नाही. तू मृणाल. ण साठी मोठा N, आ साठी मोठा A. नीट उतरवून घे."

मी mruNAl असं लिहिलं आणि दार उघडलं. "पोचलं," काका म्हणाले. मला वाटलं, हा माणूस पहिल्या दिवसापुरता माझी फिरकी घेतोय. पण ते रोजच असे होते. मी त्या ऑफिसात दोन वर्षं होते, आणि दोन्ही वर्षं माझ्या नावातला ण त्यांनी खाली पडू दिला नाही.

दोन हजार एक-दोनची गोष्ट. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ, मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. सात माणसं, पाच कॉम्प्युटर आणि मालक साळवी. पुण्यातली एक कंपनी तिचे प्रोग्रॅम आमच्याकडे पाठवायची आणि आम्ही त्यातल्या चुका हुडकून परत पाठवायचो. शेजारपाजारचे विचारायचे, मृणाल काय काम करते? आई सांगायची, "दुसऱ्यांच्या चुका काढते. घरी पण तेच करायची."

चुका हुडकायचं हत्यार भाटकरकाकांनी स्वतः बनवलं होतं. त्याचं नाव चाळण. एका बाजूने प्रोग्रॅम ओतायचा, दुसऱ्या बाजूने खडे वेगळे होऊन पडायचे. ही चाळण म्हणजे युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या त्रेसष्ट छोट्या छोट्या स्क्रिप्टा, म्हणजे हुकमांच्या चिठ्ठ्या, होत्या. एक दुसरीला हाक मारणार, दुसरी तिसरीला. आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट नावं मराठी, काकांच्या रोमन लिपीत. एका कामातून दुसरं छोटं काम जन्माला घालायचं असेल तर ‘बाळ’, म्हणजे bAL, ळ साठी मोठा L. एखादी अडेल फाइल जबरदस्तीने तपासायची असेल तर ‘बळ’, म्हणजे baL. अशा जोड्या बऱ्याच होत्या. वेल आणि वेळ, कळ आणि काळ, गळ आणि गाळ.

"काका, साधी इंग्रजी नावं का नाही देत?" मी एकदा विचारलं.

"अठ्ठावीस वर्षं दिली," ते म्हणाले.

काका बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. कडकट्ट करत मोर्समध्ये तारा घ्यायच्या आणि पाठवायच्या, हे त्यांचं काम; तार नीट मिळाली तर ‘पोचलं’, नाही तर ‘परत पाठव’. जहाजांवरचं मोर्स बंद झालं तसे ते भाट्याच्या घरी परत आले, आणि ज्या वयात इतर लोक नातवंडांना गोष्टी सांगतात त्या वयात कॉम्प्युटर शिकले. युनिक्सवर त्यांचं प्रेम बसलं ते एकाच कारणासाठी. तिथे छोटं अक्षर वेगळं आणि मोठं अक्षर वेगळं.

"मोर्सला छोटं-मोठं नाही," ते सांगायचे. "न-ण एक, ल-ळ एक, अ-आ एक. अख्खा महाराष्ट्र तारेत बोबडा बोलायचा. म्हणून नियम होता माझा. मोठ्या लिपीतली मराठी तार दोनदा वाचायची. एकदा आपल्याला हवी तशी, एकदा नको तशी."

हा नियम त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवला होता की मी तो त्यांच्या मागे उभी राहून, ओठ हलवत म्हणायची. सगळे हसायचे. काकांना पाठीमागचं दिसत नसे, पण त्यांची बोटं टेबलावर कडकट्ट वाजायची आणि मला पक्का संशय आहे की ते मला मोर्समध्ये शिव्या देत होते.

खालचा चहावाला पावसकर जिन्यातून ओरडायचा, "कोन कोन चहा घेनार?" काका इथून ओरडायचे, "परत पाठव!" पावसकर पुन्हा, "कोन कोन?" काका पुन्हा, "परत पाठव!" मग पावसकर सगळा जीव गोळा करून "कोण्ण!" म्हणायचा, काका "पोचलं" म्हणायचे, आणि तोवर चहावर साय धरलेली असायची.

अशा सगळ्या सुखात पुण्याच्या कंपनीत नवा साहेब आला. त्याने कळवलं, आता आमच्याकडे सगळं विंडोजवर चालतं, तुमची चाळणही विंडोजवर चालली पाहिजे. सोमवारी अकरा वाजता त्याचा माणूस रत्नागिरीत येऊन डोळ्यांनी बघणार. चालली तर काम आमच्याकडे. नाही तर काम पुण्यात हलवणार, आणि ज्यांना यायचं असेल त्यांनी पुण्यात यावं.

साळवींनी हे बुधवारी सकाळी सांगितलं. बाकीच्यांचं सोडा, निदान ते पुण्यात जाऊ शकत होते. मीही रडतभेकत गेले असते. पण काका? काका ठाण्याला भाचीच्या लग्नालासुद्धा एकटे जात नसत. "अठ्ठावीस वर्षं बायकोला एकटं टाकलं," ते म्हणायचे, "आता भाट्याचा पूल ओलांडून ऑफिसला येतो, एवढंच लांब." काकूंना दम्याचा त्रास, त्यांना पुण्याची हवा सोसणार नव्हती. ऑफिस बंद म्हणजे काकांचं काम बंद. आणि चाळण नसलेले भाटकरकाका कसे दिसतील, हे मला डोळ्यांपुढे आणवत नव्हतं.

"पोचलं," काका साळवींना म्हणाले आणि कामाला लागले.

विंडोजवर युनिक्सची भाषा समजणारा एक फुकटचा दुभाषा मिळतो, तो मी बसवला. चाळणीचं गाठोडं सीडीवर घेतलं आणि विंडोजच्या मशीनवर सोडायला लागले. मध्येच विंडोज विचारायला लागलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर नवी टाकू का? एकदा विचारलं, दोनदा विचारलं. मी म्हटलं, काय वेंधळं यंत्र आहे, रिकाम्या घरात कोण आधीच असणार? आणि ‘सगळ्यांना हो’ दाबून मोकळी झाले. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंय असं मला वाटलंच नाही.

गुरुवारी एकही स्क्रिप्ट चालेना. प्रत्येक ओळीच्या शेवटी काहीतरी अदृश्य घाण चिकटत होती. मी दुपारपर्यंत डोकं फोडलं. काकांनी मागून पाहिलं आणि पाच मिनिटांत रोग सांगितला. "टेलिप्रिंटर! डोकं ओळीच्या सुरुवातीला आण, हा एक हुकूम. कागद एक ओळ वर सरकव, हा दुसरा. युनिक्स एकच हुकूम देतं, विंडोज अजून दोन्ही देतंय. पूस तो जादाचा." पुसला. चाललं.

शुक्रवारी चाळण अर्ध्यावर जाऊन मरायला लागली. विंडोजच्या फोल्डरांच्या नावात मोकळ्या जागा असतात आणि आमच्या स्क्रिप्टांना एका नावाची दोन नावं दिसत होती. "नावात मोकळी जागा?" काका संतापले. "तारेत मोकळी जागा म्हणजे शब्द संपला! उद्या हे लोक पत्त्यात सुट्टी टाकतील." संतापतच त्यांनी प्रत्येक नावाला अवतरणचिन्हांचं कुंपण घातलं. संध्याकाळी साळवींच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रक्त दिसलं.

शनिवारी सगळे मशीनभोवती जमलो. चाळण सुरू झाली की आधी हजेरी घेते. त्रेसष्ट जणी आहेत ना, हे एकेकीच्या पोटात लिहिलेल्या नावावरून बघते आणि नसेल तिचं नाव पुकारते. काकांनी बटण दाबलं. पडद्यावर पहिलीच ओळ आली,

bAL nAhI

आणि तिच्याखाली आणखी दहा. काळ नाही. वेळ नाही. गाळ नाही.

मग साळवी, बहुतेक भीतीनेच, मोठ्याने म्हणाले, "सोमवारी त्या माणसाला काय सांगू मी? बाळ नाही, पेढे पुढच्या वर्षी?"

सगळे हसले. मीही हसले, चांगली खदखदून हसले. चार दिवसांचा ताण होता, कुठून तरी बाहेर पडायचाच.

काका हसले नाहीत. ते त्या पहिल्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. "पोचलं" म्हटलं नाही. जिन्यात पावसकरने "कोन चाललं?" विचारलं, त्यालाही "परत पाठव" म्हटलं नाही.

"चिडले," साळवी म्हणाले. मलाही तसंच वाटलं आणि रागही आला. एवढ्याशा थट्टेवर सगळ्यांना वाऱ्यावर सोडून जायचं?

मग मी फोल्डर उघडून मोजलं. बावन्न. आणि मला विंडोजचे ते प्रश्न आठवले. विंडोजला मोठं आणि छोटं अक्षर एकच. बाळच्या जागी बळ टाकू का, असं ते मला विचारत होतं, आणि मी म्हटलं होतं, हो. सगळ्यांना हो.

मूळ स्क्रिप्टा जुन्या मशीनवर शाबूत होत्या, हरवलं काहीच नव्हतं. नावं बदलायला हवी होती. मी bal1, bal2 करून पाहिलं तर चाळण जागच्या जागी कोसळली. कोणती स्क्रिप्ट कोणाला कुठून हाक मारते, baL कुठे हुकूम आहे आणि कुठे नुसता शब्द, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. त्या माणसाच्या घरी संध्याकाळपर्यंत फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही.

रविवारी सकाळी मी स्कूटी काढली आणि पूल ओलांडून भाट्याला गेले. वाटेभर भाषण तयार करत होते. माफी मागायची आणि झाडायचंही, दोन्ही एकाच भाषणात बसवायचं होतं.

काका माडांना पाणी सोडत होते. दार काकूंनी उघडलं. ठेंगण्या, गोऱ्या, दम लागतो म्हणून थांबत थांबत बोलणाऱ्या, पण बोलायच्या मात्र भरपूर. माहेर बुरोंडीचं.

"तू मृनाल काय गो? ये, बस. पानी घे. लोनी कढवायला ठेवलंय, वास येतोय बघ. हे कालपासून बोलत नायत. काय झाला कचेरीत?"

पानी, लोनी, मृनाल. पाटाचं पाणी खिडकीखाली वाजत होतं, काका चार हातांवर होते आणि सगळं ऐकू जात होतं. मी "परत पाठव"ची वाट पाहिली. काका खाली वाकून पाट वळवत राहिले.

"काकू, काका तुम्हाला नाही दुरुस्त करत?"

"मला? कधी नाय. लग्न झालं तवा करायचे हो, चार लोकांत पन. मग बंद केलनी." त्या थांबल्या. "तुला वाटत असंल, शबूद-शबूद करनारा मानूस, कोरडा असंल. तसा नाय गो."

त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. डब्यात कापूर, कुंकवाची जुनी पुडी, आणि सगळ्यांखाली चारदा घडी घातलेला, पिवळा पडलेला तारेचा कागद.

"माझं पयलं बाल," काकू म्हणाल्या. "बालंतपनातून सुटका झाली पन बाल हाताला लागलं नाय. हे तिकडं, समुद्रात. माझ्या भावानं तार केलीन, बाल नाय म्हनून. मी दवाखान्यात पडलेली. खात नव्हते, कोनाशी बोलत नव्हते. आई म्हनाली, ही पन जाते आता. आनि तिसऱ्या दिवशी यांची तार आली. बोल लावलनी नाय, रडगानं नाय. वाच."

मी वाचलं. पोस्टाच्या फॉर्मवर, सगळी मोठी अक्षरं.

TONIC GHE BAL YEIL

"बाल येईल," काकू म्हणाल्या. "एवढ्या लांबून मला धीर दिलनी. मी त्या दिवशी उठून बसले, पेज प्याले. पुढं झालं नाय मूल, ते नशीब. पन त्या टायमाला मी वाचले ती ह्या कागदानं."

दोन वर्षं ज्या नियमाची टिंगल केली होती, तो माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. एकदा हवी तशी. एकदा नको तशी. टॉनिक घे. टॉनिकने बाळ येत नाही. टॉनिकने बळ येतं.

मी मान वर केली. काका दारात उभे होते, पाय चिखलाने भरलेले.

"वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोनदा?"

मी मान हलवली. काकू कौतुकाने हसत म्हणाल्या, "दोनदा कशाला, दहादा वाचू दे की," आणि कागदाची घडी घालून तो डब्यात ठेवून आल्या.

काका म्हणाले, "पाय धुतो. निघू."

आम्ही स्कूटीपाशी पोचलो. मग बोलले ते माडांकडे बघून.

"तिच्या भावाची तार. SUTKA ZALI BAL NAHI. मी माझ्या कानांनी ऐकली, माझ्या हाताने उतरवून घेतली. सुटका झाली, बळ नाही. म्हटलं, बाळंतीण आहे, अशक्तपणा असेल. दुसरं वाचलंच नाही. वाचायचं नव्हतं मला." त्यांची बोटं स्कूटीच्या सीटवर वाजत होती. "चार महिन्यांनी आलो. बॅगेत झबली, एक बाहुली. एसटी स्टँडवर मेव्हणा आला होता. म्हणाला, भावोजी, तुमची तार आली म्हणून ताई वाचली. पन..." ते अडखळले. त्यांच्या तोंडून ‘पन’ मी पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकलं. "बॅगेतलं सगळं तिथंच एका लेकुरवाळ्या बाईला देऊन टाकलं. आणि घरी गेलो."

"काकूंना कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? धीर नव्हता दिला, औषध सांगत होतो?"

मला रडू आलं. शनिवारचं माझं हसणं कानात वाजायला लागलं. मी म्हटलं, "काका, काल आम्ही..."

"तुम्हाला काय ठाऊक?" ते म्हणाले. "काल पडद्यावर ते पहिल्यांदा नीट लिहून आलं गो. आ मोठा, ळ मोठा. दुसरं काही वाचायला जागाच नव्हती. तीस वर्षांनी पोचलं, एवढंच."

मग त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि मागे बसले. मी ‘सगळ्यांना हो’चा कबुलीजबाब पुलावर दिला, तोंड पुढे करून, वाऱ्यात. ते एवढंच म्हणाले, "नावं मी ठेवली होती."

दुपारभर आम्ही अकरा जोड्या सोडवल्या. काका नावं सांगत होते, कुठे कुठे बदलायचं ते सांगत होते, आणि मी टाइप करत होते. वेलीला लता केलं. गळाला आकडा केलं. दर नावागणिक वाद घालतील असं वाटलं होतं, पण एकदाही हट्ट केला नाही. शेवटी पहिली जोडी उरली.

"या दोघांतलं कोणाचं बदलू?" मी विचारलं, पडद्याकडे बघत.

"बळाला जोर म्हण," काका म्हणाले. "बाळ राहू दे."

हजेरी घेतली. त्रेसष्ट.

सोमवारी अकराला पुण्याचा माणूस आला. पंचविशीतला, टाय लावलेला, घाईतला. साळवींनी त्याला मशीनपाशी आणलं. काकांनी बटण दाबलं. हजेरी झाली, चाळण फिरायला लागली आणि त्या माणसाने बरोबर आणलेल्या प्रोग्रॅममधले खडे टपटप पडायला लागले. सहा, सात, नऊ. त्याची भुवई वर गेली. तो वाकून फोल्डरमधली नावं वाचायला लागला. विंडोजने नावं आपल्या मनाने मोठ्या लिपीत मांडली होती.

"हे BAL काय आहे?" त्याने विचारलं. "बल का?"

मी डोळे मिटले. मागे पावसकर चहाचे कप धरून उभा होता. दोन वर्षांत कोणी ळ चा ल करून त्या खोलीतून धडपणे बाहेर गेलं नव्हतं.

काकांची बोटं टेबलावर एकदा वाजली आणि थांबली.

"हो," ते म्हणाले. "तसंही वाचता येतं."

काम आमच्याकडे राहिलं. तो माणूस जिना उतरून गेल्यावर काकांनी घरी फोन लावला आणि काकूंना सांगितलं की आपण पुण्याला जात नाही. पलीकडून काकू बराच वेळ काहीतरी बोलत होत्या, थांबत थांबत. काका रिसीव्हर कानाला घट्ट लावून ऐकत होते. त्यात किती न आणि किती ल आले असतील देव जाणे. शेवटी ते हळूच म्हणाले, "पोचलं गो," आणि रिसीव्हर ठेवला.